चिठ्ठीवरची दुसरी ओळ : एडीएचडीचं निदान करणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,

हे पत्र कुणा एका डॉक्टरांना नाही. बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ, बालविकास केंद्रांत बसून आमच्या मुलांचं निदान करणारे, अशा तुम्हां सगळ्यांना आहे. मी दहा वर्षांच्या मुलाची आई. तो सात वर्षांचा असताना त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा आणि उतावळेपणा हा त्रास, असल्याचं निदान झालं. त्या दिवशी मिळालेली चिठ्ठी अजून माझ्या फाइलमध्ये आहे. तिच्यावर दोन ओळी आहेत.

पहिल्या ओळीत औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसात केव्हा द्यायचं, किती दिवस, परत कधी दाखवायचं, सगळं आहे. शिवाय तोंडी सांगितलं गेलं की भूक मंदावेल, झोप उशिरा लागेल, वजन-उंचीची नोंद ठेवा, छातीत धडधडतंय म्हणाला तर लगेच कळवा. दुसऱ्या ओळीत एवढंच आहे: 'वर्तन-उपचार घ्या.'

कुणी घ्यायचे, कुणाकडून, आठवड्यातून किती वेळा, किती महिने? लागू पडताहेत हे कशावरून ओळखायचं? नाही पडले तर काय बदलायचं? यातलं काहीच तिथे नव्हतं. तीन वर्षं आमचं घर त्या एका ओळीचा अर्थ शोधत होतं. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे. आमच्या मागून येणाऱ्या आईबापांना ते पहिल्याच दिवशी, तुमच्याच तोंडून कळावं, एवढ्यासाठी.

आधीच स्पष्ट सांगते, औषधाविरुद्ध माझी काही तक्रार नाही. माझा मुलगा गोळी घेतो. ती सुरू झाल्यावर एकदा शाळेतून आल्या आल्या त्याने वही उघडून दाखवली. फळ्यावरचं सगळं उतरवून झालं होतं, पहिल्यांदाच. तो चेहरा मी विसरणार नाही. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवर दिलं जाणारं औषध १९५४ पासून वापरात आहे आणि लक्ष एकाग्र होण्यावर त्याचा जो परिणाम होतो तो पुन्हा पुन्हा तपासला गेला आहे. गोळी घेणाऱ्या मुलांच्या आईबापांना कुणी हिणवलं की मला त्रास होतो.

पण गोळीचा अंमल दिवसातले काही तास असतो. सकाळी उठल्यापासून शाळेची बस येईपर्यंत तो सुरू झालेला नसतो आणि संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र येतो तोवर उतरलेला असतो. भांडणं, रडारड, दप्तराची शोधाशोध, अभ्यासावरून होणारी ओढाताण हे सगळं याच तासांत घडतं. म्हणजे आमच्या घराला ज्या वेळी उपचाराची सगळ्यात जास्त गरज असते, ती वेळ पूर्णपणे दुसऱ्या ओळीच्या भरवशावर सोडलेली असते.

त्या ओळीचा अर्थ आम्ही साहजिकच असा लावला की गोळी जशी मुलाला द्यायची, तसे हे उपचारही मुलावर करून घ्यायचे. एक केंद्र शोधलं. दर शनिवारी पाऊण तास तो एका प्रेमळ ताईंबरोबर खोलीत बसायचा. मणी ओवायचे, कोडी सोडवायची, चित्रातल्या मुलाला राग आलाय तर त्याने काय करावं ते सांगायचं. तो सगळी उत्तरं बरोबर द्यायचा. ताई म्हणायच्या, 'किती गुणी आहे हो हा!' आणि सोमवारी सकाळी बुटांच्या कपाटापाशी पुन्हा तेच. एक मोजा हातात, दुसरा कुठे गेला पत्ता नाही, खाली बस हॉर्न वाजवतेय, मी ओरडतेय, तो रडतोय. असं जवळजवळ वर्ष गेलं. त्या वर्षातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की मी मनातून त्यालाच दोष द्यायला लागले. तिथे जमतं, मग इथे का जमू नये? हा मुद्दामच करतो, असं मला वाटू लागलं होतं.

मग कुठेतरी रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं वाचनात आलं आणि गाठ सुटली. ते अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत की या मुलांना काय करायचं ते ठाऊक असतं. अडतं ते ठाऊक असलेलं नेमक्या क्षणी हातून घडण्यात. म्हणून मदत त्या क्षणी आणि त्या जागीच पोहोचावी लागते. शांत खोली, समोर एकच मोठं माणूस, नवं खेळणं आणि त्या माणसाचं सगळं लक्ष आपल्याकडे, इतकं सगळं जुळून आल्यावर एडीएचडी असलेलं बहुतेक कुठलंही मूल नीट वागतं. अडचण त्या खोलीत नव्हतीच. ती बुटांच्या कपाटापाशी होती आणि तिथे ताई नव्हत्या. तिथे मी होते.

डॉक्टर, दुसऱ्या ओळीचा खरा अर्थ हा आहे. हे उपचार मुलाने घ्यायचे नसतात. मुलाच्या आसपासच्या मोठ्या माणसांनी शिकून घ्यायचे असतात. शाळकरी वयातल्या मुलांसाठी औषधाखेरीज ज्या गोष्टींमागे सगळ्यात भक्कम पुरावा आहे त्या दोन. एक, पालकांचं वर्तन-प्रशिक्षण. दुसरी, वर्गात शिक्षकांनी करायचे बदल. दोन्हींत विद्यार्थी आम्हीच, मोठे. हे एक वाक्य त्या दिवशी कुणी बोललं असतं, तर आमचं वर्ष वाचलं असतं आणि माझ्या मुलाच्या वाट्याला आलेला तो संशयही टळला असता.

पुढे आम्हाला पालकांचा एक गट मिळाला. दर आठवड्याला दोन तास, नऊ आठवडे, मुलांना न घेता. अशा बहुतेक कार्यक्रमांचा सांगाडा अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९६०च्या दशकात कॉन्स्टन्स हॅन्फ या मानसशास्त्रज्ञांनी आखलेल्या दोन टप्प्यांच्या पद्धतीवरून आला आहे, हे मला नंतर कळलं. आधी नातं, मग शिस्त. कॅरोलिन वेब्स्टर-स्ट्रॅटन, शीला आयबर्ग अशा पुढच्या लोकांनी आपापले कार्यक्रम रचले, पण क्रम तोच ठेवला. तो क्रम का महत्त्वाचा आहे ते मी अनुभवाने सांगू शकते.

पहिल्या दोन आठवड्यांत शिस्तीचं अवाक्षर नव्हतं. रोज पंधरा मिनिटं मुलाजवळ बसायचं, खेळ तो ठरवणार. आपण प्रश्न विचारायचा नाही, सूचना द्यायची नाही, चूक काढायची नाही. तो जे करतोय ते फक्त मोठ्याने, आपुलकीने बोलून दाखवायचं. ऐकायला सोपं वाटतं. मला पहिल्या दिवशी तीन मिनिटंही जमलं नाही. 'असं नको, तसं लाव', 'हा रंग कोणता?', 'आधी हे आवर' याखेरीज मुलाशी बोलायची दुसरी रीतच माझ्याकडे उरली नव्हती. गृहपाठ म्हणून एका सकाळी मी त्याला दिलेल्या सूचना मोजल्या. उठल्यापासून बसमध्ये चढेपर्यंत छप्पन्न. त्यातल्या बऱ्याच तर मी दुसऱ्या खोलीतून दिलेल्या. छप्पन्न वेळा 'हे कर' ऐकणाऱ्या मुलाचे कान बंद होणार नाहीत तर काय!

त्यानंतर सूचना कशी द्यायची ते शिकलो. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, त्याने बघितलं की एकच गोष्ट सांगायची, मोजक्या शब्दांत, आणि थांबायचं. 'दात घास, दप्तर भर आणि बूट घाल' या वाक्यातलं त्याच्याकडे शेवटचं तेवढं पोहोचतं, कधी तेही नाही. काम झालं की त्याच क्षणी, नेमकं काय आवडलं त्याचं नाव घेऊन सांगायचं. नुसतं 'शाब्बास' म्हणून पुरत नाही. 'पहिल्यांदा सांगितल्यावर बूट घातलेस, छान वाटलं मला' असं.

मग बक्षिसांची पाळी. काचेची बरणी आणि रंगीत बटणं. सकाळच्या चार कामांची चार चित्रं बुटांच्या कपाटावर लावली. काम झालं की बटण बरणीत. ठरलेली बटणं जमली की त्याच संध्याकाळी त्याने निवडलेली गोष्ट. इथे आमच्या आधीच्या सगळ्या प्रयत्नांमधली चूक उमगली. 'परीक्षेत चांगले गुण मिळव, सुट्टीत सायकल घेऊ' हे वचन आम्ही अगदी मनापासून दिलं होतं. पण या मुलांच्या बाबतीत बक्षीस जितकं लांब, तितकी त्याची ओढ झपाट्याने ओसरते. इतर मुलांपेक्षा खूपच लवकर. दोन महिन्यांनी मिळणारी सायकल त्याच्या सकाळपर्यंत पोहोचतच नव्हती. खळ्‌कन बरणीत पडणारं बटण पोहोचलं.

सुरू झाल्यापासून तिसऱ्या आठवड्यात बरणी बंद पडली. त्याला बटणांचा कंटाळा आला आणि मी घरी जाहीर केलं की हेही फसलं. गटाच्या मार्गदर्शक बाईंनी शांतपणे विचारलं, 'गोळीचा डोस पहिल्याच वेळी बरोबर लागला होता का?' नव्हता लागला. दोनदा बदलावा लागला होता आणि आम्ही त्यात काही गैर मानलं नव्हतं. बाई म्हणाल्या, 'मग हाही डोसच आहे. बक्षीस बदला, कामं तीन करा, पद्धत सोडू नका.' बहुतेक घरं याच ठिकाणी गळतात. कारण ती घसरण येणार आहे, नेहमीच येते, हे त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं. औषधाच्या दुष्परिणामांबद्दल तुम्ही जसं आधी सावध करता, तसं याबद्दलही करा, ही माझी विनंती आहे.

शिक्षा अगदी शेवटी आली, सहाव्या आठवड्यात. थोडी, ठरलेली, आवाज न चढवता अमलात आणायची. तोवर तिची गरज फारशी उरली नव्हती.

एक गोष्ट मला फार जवळची आहे, म्हणून जरा थांबून सांगते. चौथ्या सत्रानंतर घरी येताना माझे यजमान गप्प होते. रात्री म्हणाले, 'आज जे जे सांगत होते, ते मी आहे.' पुढे त्यांचंही निदान झालं, एक्केचाळिसाव्या वर्षी. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून एडीएचडीचा आनुवंशिक वाटा सरासरी ७४ टक्क्यांच्या आसपास निघतो. म्हणजे रोज न चुकता तक्ता भरा, नियम पाळा, आवाज चढवू नका, असं तुम्ही ज्यांना सांगता, त्यांच्यातल्या कित्येकांना नेमकं तेच करणं सगळ्यात जड जातं. दहा पानी माहितीपत्रक त्यांच्या हाती देऊन भागत नाही. मुलाच्या तपासणीच्या वेळी आईबापांना एकदा हळुवारपणे विचारा: 'तुम्हाला लहानपणी असं व्हायचं का?' त्या प्रश्नाने आमच्या घरातली बरीच जुनी भांडणं निवली.

आता पुराव्याबद्दल. या विषयावर दोन्ही बाजूंनी मोठमोठे दावे ऐकले आहेत म्हणून हे लिहिते. एडमंड सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये औषधाखेरीजच्या उपचारांचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. ज्यांना उपचार चालू असल्याचं माहीत होतं, म्हणजे बहुधा आईबाप, त्यांच्या मते वर्तन-उपचारांनी मूळ लक्षणं बरीच कमी झाली. ज्या निरीक्षकांना मूल कोणत्या गटातलं आहे हे माहीत नव्हतं, त्यांच्या नोंदींत तो फरक जवळपास विरून गेला. हे वाचून मी दोन दिवस खिन्न होते. आपण स्वतःची समजूत घालतोय का, असं वाटलं.

पण पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, डेव्हिड डेली यांनी त्याच धर्तीवर दुसरा प्रश्न तपासला: लक्षणांपलीकडे काय बदलतं? तिथे चित्र निराळं होतं. पालकांचं मुलाशी वागणं सुधारतं आणि मुलाचा हट्ट, उद्धटपणा, आक्रमकपणा कमी होतो, हे गट माहीत नसलेल्या निरीक्षकांनाही दिसलं. माझ्या घरातही अगदी असंच आहे. माझा मुलगा आजही जेवताना तीनदा उठतो. पाय हलत राहतात. पण गेल्या वर्षभरात तो मला 'तू मला आवडत नाहीस' म्हणालेला नाही आणि मीही त्याच्यावर हात उचललेला नाही. आधी उचलला होता. ते इथे लिहिणं मला सोपं नाही.

म्हणून, डॉक्टर, दुसऱ्या ओळीसोबत मोजपट्टीही वेगळी द्या. तपासणीच्या वेळी आम्हाला तीच प्रश्नावली मिळते: बोलताना मध्येच तोंड घालतो का, जागेवरून उठतो का, वस्तू हरवतो का. तिच्यात आमची बरणी नापास होते. तिच्या शेजारी आणखी चार प्रश्न ठेवा. आठवड्यातल्या किती सकाळी आरडाओरडा झाला नाही? अभ्यासाला बसल्यापासून उठेपर्यंत किती वेळ लागला आणि त्यात रडणं किती? गेल्या महिन्यात कुणी वाढदिवसाला बोलावलं का? घरात शेवटचं सगळे एकत्र कधी हसलात? वर्तन-उपचार याच प्रश्नांवर काम करतात.

आणि औषध आधी की वर्तन-उपचार, या क्रमाचं काय? औषध आणि वर्तन-उपचार यांची तुलना करणारा अमेरिकेतला एमटीए अभ्यास तुम्ही सगळे जाणता. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, चौदा महिने, निष्कर्ष १९९९ मध्ये आले. मूळ लक्षणांवर काटेकोरपणे दिलेलं औषध नुसत्या वर्तन-उपचारांपेक्षा सरस ठरलं. तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. दोन्ही एकत्र मिळालेल्या मुलांना कमी डोस पुरला आणि हट्ट, चिंता, आईबापांशी असलेलं नातं अशा बाबतींत जोडउपचारांचा जास्त फायदा दिसला, हे फारसं सांगितलं जात नाही. त्यातला वर्तन-उपचार किती मोठा होता तेही पाहा: पालकांची पस्तीस सत्रं, आठ आठवड्यांचं उन्हाळी शिबिर आणि वर्गात बारा आठवडे मदतनीस. माझ्या चिठ्ठीवरची एक ओळ आणि हे, दोन्हींना एकच नाव आहे.

२०१६ मध्ये विल्यम पेलम यांच्या गटाने पाच ते बारा वर्षांच्या १४६ मुलांवर केलेल्या अभ्यासात सुरुवात कशाने करायची हाच प्रश्न होता. आधी थोडे वर्तन-उपचार आणि पुरले नाहीत तर वाढ किंवा औषध, हा क्रम वर्गातल्या वागण्यासाठी उजवा ठरला. आणि ज्यांना आधी औषध देऊन नंतर पालक-प्रशिक्षणाला बोलावलं, ते पालक फारसे आलेच नाहीत. मला यात नवल वाटलं नाही. आग विझल्यासारखी दिसली की विहीर कोण खणतो? आमचंही तसंच झालं. गोळीने शाळेच्या तक्रारी थांबल्या आणि दुसरी ओळ आम्ही सहा महिने मागे टाकली.

मोठ्या संस्थांची मार्गदर्शक तत्त्वंही याच दिशेने आहेत. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१९च्या सूचनांनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपचार पालक-प्रशिक्षण आहे. सहा ते बाराच्या मुलांसाठी औषधाच्या जोडीने घर आणि वर्ग दोन्हींकडचे वर्तन-उपचार. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१८ची तत्त्वंही पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचा गट असंच सांगतात. तुम्हाला मी हे शिकवायला निघालेली नाही. तुम्ही हे वाचलेलं आहे म्हणूनच विचारते, की मग ते चिठ्ठीवर एवढंसं का उरतं?

शाळेबद्दल. शिक्षकांना आमचा शब्द जड वाटतो, तुमचा नाही वाटत. एक लहानसं पत्र पुरेसं असतं. त्यात 'रोजची नोंद' सुचवा. दोन-तीनच लक्ष्यं, मुलाच्या आवाक्यातली: हात वर करून बोलला, गणिताच्या तासाला निम्मी उदाहरणं पूर्ण केली. प्रत्येक तासानंतर शिक्षकांची एक खूण, संध्याकाळी घरी ती पाहून बक्षीस. वर्गातल्या उपायांमध्ये हा चांगला तपासलेला आहे आणि शिक्षकांचा वेळ फार खात नाही. त्याच्या वर्गाच्या बाईंनी आधी तोंडावर 'नाही जमणार' सांगितलं होतं. एका महिन्याने त्यांनीच वर्गातल्या आणखी दोन मुलांसाठी ती सुरू केली.

मधली सुट्टी कापू नका, हेही त्याच पत्रात लिहा. काम अपुरं राहिलं म्हणून याच मुलांना सुट्टीत बसवून ठेवतात. खरं तर लक्षात ठेवून करायच्या कामात ही मुलं हलत असतात तेव्हा बहुधा जास्त चांगलं करतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. माझा मुलगा पाढे उभं राहून म्हणतो, बसून म्हणताना सातावर अडकतो.

आणि वयाची आठवण करून द्या. फिलिप शॉ यांच्या २००७च्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूच्या बाह्य पटलाची जाडी सरासरी साडेदहाव्या वर्षी कमाल झाली, इतर मुलांची साडेसातव्या. वाढ त्याच वाटेने होते, तीनेक वर्षं उशिरा. मी हे वाचलं तेव्हा माझा मुलगा आठ वर्षांचा होता. आपण पाच वर्षांच्या मुलाला एकट्याने दप्तर भरायला सांगू का, असं स्वतःला विचारलं आणि राग निम्मा उतरला. जन्मतारीखही बघा. वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांना हे निदान जास्त मिळतं, हे अनेक देशांतून दिसलं आहे. काही मुलांचा आजार फक्त आपल्यापेक्षा अकरा महिने मोठ्या मुलांशेजारी बसणं हा असू शकतो.

झोपेबद्दल मला कुणी नीट विचारलंच नव्हतं. ऑस्ट्रेलियात हॅरिएट हिस्कॉक यांनी २०१५ मध्ये झोपेच्या तक्रारी असलेल्या, पाच ते बारा वर्षांच्या २४४ मुलांच्या पालकांना दोन भेटी आणि एका फोनमधून झोपेची शिस्त शिकवली. झोपायची ठरलेली वेळ, अंथरुणात मोबाइल-टीव्हीला मज्जाव, झोप येत नसेल तर थोडं उशिरा झोपवून मग हळूहळू वेळ अलीकडे आणणं, असले साधेच उपाय. झोप सुधारली आणि लक्षणंही काही प्रमाणात कमी झाली. दोन भेटी आणि एक फोन. घोरणं, रक्तातलं लोह, कान, डोळे हेही त्याच वेळी पाहून होतं.

आता जे बोलायला मला अवघड जातं ते. दुसरी ओळ मोकळी राहिली की ती दुसरं कुणीतरी भरतं. आमच्याकडे ती अनेकांनी भरली. न्यूरोफीडबॅक, म्हणजे डोक्याला तारा लावून पडद्यावरचं विमान लक्ष देऊन उडवायचं, त्याची चाळीस सत्रं. स्मरणशक्ती वाढवणारे संगणकीय खेळ. साखर बंद. महागडी पूरकं. प्रत्येक ठिकाणी 'औषधाशिवाय' हा शब्द मोठ्या अक्षरांत होता आणि आईबापाच्या मनातली गोळीची भीती तिथे बरोबर ओळखली जात होती. बचत गेली त्याचं तितकं वाटत नाही. प्रत्येक वेळी त्याला 'आता तू बरा होशील' सांगून नेलं आणि प्रत्येक वेळी तो आपणच कमी पडलो असं समजून परत आला, याचं वाटतं.

यातल्या बऱ्याच गोष्टींची उत्तरं तुमच्यापाशी आहेत. न्यूरोफीडबॅकची खऱ्या आणि खोट्या संकेतांची तुलना करणारी, कुणाला काय मिळतंय हे पालकांनाही माहीत नसलेली मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गट सारखेच सुधारले. स्मरणशक्तीच्या खेळांनी मूल त्या खेळात तरबेज होतं, अभ्यासात ते उतरत नाही. साखरेने मुलं चंचल होत नाहीत, हे १९९५ मधल्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. त्याआधीच्या एका प्रयोगात तर ज्या आयांना मुलाला साखर दिल्याचं खोटं सांगितलं, त्यांना आपलं मूल जास्त चंचल वाटलं. कृत्रिम रंगांचं थोडं वेगळं आहे. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टनच्या अभ्यासात काही रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाचा मुलांच्या चंचलतेवर लहानसा परिणाम दिसला आणि २०१० पासून युरोपीय संघात अशा सहा रंगांपैकी कुठलाही असलेल्या खाद्यपदार्थांवर तसा इशारा छापावा लागतो. माशाच्या तेलाचा फायदा असलाच तर अगदी थोडा. पळण्या-खेळण्याने मदत होते. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

हे सगळं मला शोधायला तीन वर्षं लागली. तुम्हाला सांगायला चार मिनिटं लागली असती. मी एकदा एका डॉक्टरांना न्यूरोफीडबॅकबद्दल थेट विचारलं होतं. ते म्हणाले, 'करून बघा, अपाय तर नाही.' अपाय होता. त्या चाळीस संध्याकाळी आम्ही बरणीपाशी बसू शकलो असतो.

तुमच्याकडे वेळ नसतो, हे मी बाहेरच्या बाकावर बसून पाहिलं आहे. पालकांचे गट घेणारी प्रशिक्षित माणसं कमी आहेत, हेही खरं. पण गट म्हणजे एका माणसाने एकाच वेळी आठ घरं सांभाळणं. तुमच्या केंद्रातले समुपदेशक, परिचारिका, मानसशास्त्राचे विद्यार्थी हे शिकू शकतात. शिकून घेतलेले पालकही पुढच्या गटाला हात देतील, मी देईन. गट मिळेपर्यंत एक छापील पान तरी द्या. वर लिहा की हा उपचार तुमच्यासाठी आहे, मुलासाठी नव्हे. खाली पहिल्या दोन आठवड्यांचं काम: रोज पंधरा मिनिटं खेळ, सूचना एका वेळी एक, जवळ जाऊन. बक्षिसं सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येईल, तेव्हा बक्षीस बदला. शाळेला द्यायचं पत्र मागच्या बाजूला. कशावर पैसे घालवू नका, ते तळाशी. आणि पुढच्या तपासणीची तारीख, जशी गोळीसाठी देता तशी.

आमची पुढची तपासणी महिनाअखेरीला आहे. फाइलसोबत मी एक जुनी वही आणणार आहे. तिच्यात आमच्या सकाळींच्या नोंदी आहेत, कोणती शांत गेली, कोणती नाही आणि का, कधी माझ्या अक्षरात, कधी त्याच्या बाबांच्या, गेल्या महिन्यापासून त्याच्या स्वतःच्या. वजन, उंची, नाडी बघून झाली की कृपया ती उघडा आणि दोन मिनिटं त्याच्याशीच बोला. कालच्या पानावर त्याने लिहिलंय, 'आज मोजे रात्रीच काढून ठेवले होते.'

आपली,
एका दहा वर्षांच्या मुलाची आई